कोकणात लहान पोरांना घेऊन: आधी तिथी बघा, मग गाव

पहिला फोन साधारण मार्चअखेर येतो. “वहिनी, मे महिन्यात पोरांना घेऊन येतोय. तीन दिवसांत काय काय बघून होईल?” मी विचारते, “तिथी कुठली?” पलीकडे शांतता. तारीख ठरलेली असते, रजा मंजूर झालेली असते, कधी कधी खोलीचे आगाऊ पैसेही भरून झालेले असतात. तिथी मात्र कुणी पाहिलेली नसते. आणि दोन ते आठ वर्षांच्या पोरांबरोबर किनाऱ्यावरचा सगळा खेळ तिथीवर चालतो. सकाळी सात वाजता समुद्र सुरूच्या झाडांना टेकलेला असेल की मधे दोनशे पावलं ओली वाळू असेल, ते तिथी ठरवते.

मी गुहागरची. दर उन्हाळ्यात नणंदा, भाऊ, त्यांचे मित्र, मित्रांचे मित्र अशी पोराबाळांची वरात आमच्या पडवीत उतरते. फोनवर दरवर्षी तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. पहिल्यांदा येणाऱ्यांनी याच क्रमाने जावं.

१. तिथीला पाऊणने गुणा

भिंतीवर कालनिर्णय असतंच. जायच्या दिवसाची तिथी बघा आणि तिला पाऊणने गुणा. जो आकडा येईल, साधारण तितक्या वाजता भरती पूर्ण होते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला समुद्र भरलेला. त्याच्या सहा तास मागेपुढे, म्हणजे सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला आठ पाऊण सहा: भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते, म्हणून हा पाऊणचा पाढा जमतो. घरात पाऊणकी पाठ असलेले आजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या, ते खूश होतील.

यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पोरांच्या वाळूतल्या खेळाला एवढं चालतं. पण ओहोटीत चालत किल्ल्यावर जायचं असेल, तर त्या बंदराचं भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर बघून स्थानिक माणसाला विचारायचंच.

आता दुसरी गोष्ट. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरतीचं पाणी खूप वर येतं, ओहोटीचं खूप मागे जातं, आणि मधल्या वेळात ते जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो: चढउतार कमी, ओढ कमी. हा फरक रायगडच्या किनाऱ्यावर जास्त जाणवतो, दक्षिणेला मालवण-वेंगुर्ल्याकडे जाल तसा कमी होत जातो.

यातून निवड अशी करा. तुमची पोरं दोन-तीन वर्षांची असतील आणि पाण्याच्या काठाशी नुसती छपछप करायची असेल, तर भांगाचे दिवस बरे. चार-आठ वर्षांची चळवळी पोरं असतील, शंख-शिंपले, खेकडे, वाळूचे किल्ले हे मुख्य असेल, तर द्वितीया ते चतुर्थी हे माझे आवडते दिवस. सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान समुद्र पूर्ण मागे गेलेला असतो, ऊन अजून कोवळं असतं आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, मैदानासारखी मोकळी पडलेली असते. दशमी-एकादशीला आलात तर सकाळची पुळण विसरा. तेव्हा सकाळी समुद्र भरलेला असतो, पण दुपारनंतर पाणी हळूहळू चढत येतं आणि संध्याकाळ छान जाते.

महिन्याचं म्हणाल तर एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचा मध्य. मेच्या शेवटच्या आठवड्यात दर्या खवळायला लागतो, किल्ल्यांच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होऊ लागतात, वळवाचा पाऊस विजांसकट येतो. २०२५ साली तर मे संपायच्या आतच मोसमी पाऊस कोकणात येऊन टेकला आणि शेवटच्या आठवड्याचं आरक्षण केलेल्यांनी खिडकीतून समुद्र बघितला.

२. एकच गाव निवडा

तीन दिवसांत अलिबाग, मुरूड, दिवेआगर, हरिहरेश्वर असा बेत घेऊन येणारे लोक मी पाहिलेत. पोरं गाडीत आणि आईबाप नकाशात. कोकणात दोन गावं नकाशावर बोटभर लांब दिसतात, पण मधे एक खाडी असते आणि तिला वळसा घालण्यात दीड-दोन तास जातात. एका गावात मुक्काम, आणि फार तर एक दिवस बाहेर. बस.

मुंबईहून दोनच दिवस असतील तर अलिबाग-नागाव-किहीम बरं. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवता येते आणि तासाभरात पोचता. पोरांना प्रवासातच निम्मी सहल मिळते. पुण्याहून ताम्हिणी उतरून दिवेआगर-श्रीवर्धन सोयीचं. आंबा-नारळ-सुपारीच्या वाडीत राहायचं असेल तर दापोली तालुक्यातलं आंजर्ले, कर्दे किंवा मुरूड (हे जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, दोन्हींत गल्लत करून चुकीच्या गावी पोचलेले पाहुणे आमच्याकडे दरवर्षी निघतात). चार-पाच दिवस असतील तर खाली मालवण-तारकर्लीपर्यंत जा. आमच्या गुहागरची तारीफ मी करणं बरं नव्हे, पण काही किलोमीटर लांब पुळण, मागे सुरूचं बन, आणि बनाला लागून गाव असं असल्यामुळे पोराला शू लागली तरी घर पाच मिनिटांवर असतं.

दोन ठिकाणी विशेष जपा. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग खडकांवरून समुद्राला लागून जातो. भरतीत तिथे लाट कधी वर येईल सांगता येत नाही आणि त्यात माणसं वाहून गेलेली आहेत. लहान पोरांना घेऊन ती प्रदक्षिणा करू नका, देव समजून घेतो. गणपतीपुळ्याला समुद्र देवळाच्या अगदी दाराशी आहे आणि दिसायला गरीब, पण बुडण्याच्या घटना तिथे वारंवार झाल्या आहेत. दर्शन घ्या, पाय ओले करा, पोरांना डुंबायला दुसरीकडे न्या.

३. प्रवास

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि मे महिन्याच्या कोकणच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात, तेव्हा तिथी बघून लगेच कामाला लागा. पाच वर्षांखालच्या पोराला वेगळी बर्थ नको असेल तर तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या पोराला बर्थ हवी असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. दिवेआगर-श्रीवर्धनला माणगाव, दापोलीला खेड, गुहागरला चिपळूण, मालवणला कुडाळ स्टेशन धरा. पुढे एसटी किंवा आधी सांगून ठेवलेली रिक्षा-जीप.

गाडीने येत असाल तर घाट हीच खरी परीक्षा. पोरांना गाडी लागते ती बहुतेक भरल्या पोटी किंवा अगदी रिकाम्या पोटी, आणि मोबाइलवर कार्टून बघताना. घाटाआधी मोबाइल काढून घ्या, सुकी पोळी नाहीतर कुरमुरे द्या, दूध नको. समोर लांब बघायला लावा. आलेपाकाची वडी मोठ्या पोरांना चालते. उलटीची औषधं डॉक्टरांना विचारूनच. आणि प्लास्टिकच्या पिशव्या हाताशी ठेवा, डिकीत नव्हे.

दापोलीकडून गुहागरला येताना दाभोळ–धोपावे फेरीबोट घ्या. चिपळूणचा मोठा वळसा वाचतो. तशीच वेश्वी–बागमांडले बोट श्रीवर्धनकडून येणाऱ्यांना, आगरदांडा–दिघी मुरूड-जंजिऱ्याकडच्यांना, आणि तवसाळ–जयगड आमच्याकडून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्यांना. आमच्या भाचीने पहिल्या सहलीवरच्या निबंधात समुद्राला एक ओळ दिली होती आणि ‘आमची गाडी बोटीत बसली’ याला पाऊण पान.

४. घरात शिरल्या शिरल्या

सामान टाकायच्या आधी मोठ्या माणसाने घराभोवती एक चक्कर मारायची. विहीर कुठे आहे, तिला कठडा आहे का, किती उंच? वाडीतल्या जुन्या विहिरी कधी कधी जमिनीलगत असतात आणि भोवती नेमकी पोरांना आवडेल अशी सावली. कठडा नसेल तर यजमानांना सांगून वर फळ्या टाकून घ्या. ते राग मानत नाहीत.

मग वर बघा. खाट, झोपाळा, चटई माडाखाली असेल तर हलवा. नारळ कधी पडेल सांगता येत नाही, आणि सुकी झावळही काही हलकी नसते.

तिसरं, विंचू. कोकणातला लाल विंचू लहान पोराच्या जिवावर बेतू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी याच विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं हे दाखवून दिलं आणि मग मृत्यू खूप कमी झाले. याच कामासाठी ओळखल्या गेलेल्या या डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. पण औषध वेळेत मिळायला हवं. चिऱ्यांच्या ढिगावर, लाकडांच्या चळतीत पोरांना हात घालू देऊ नका. चपला-बूट घालण्याआधी झटका. ओला टॉवेल रात्री जमिनीवर टाकू नका. रात्री बाहेर निघताना बॅटरी. आणि चावलाच तर मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना. १०८ ला फोन करा. सापाचंही तसंच: आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, पोराला चालवायचं नाही.

५. दिवसाचे दोन तुकडे करा

एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर तापमान पस्तिशीच्या आत असतं आणि पुणेकरांना वाटतं, आमच्याकडे तर चाळीस असतं. इथला त्रास घामाचा. हवा दमट, घाम सुकत नाही, अंग थंड होत नाही. म्हणून सकाळी साडेसहा ते साडेनऊ समुद्र, संध्याकाळी साडेचार ते दिवेलागण समुद्र, आणि मधला सगळा वेळ सावली. अकरा ते चार या वेळात पुळणीवर पोर दिसलं की आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका त्याच्या आईबापांना तोंडावर बोलतात. बोलू द्या.

पोर पाणी मागेल याची वाट बघू नका. दर अर्ध्या तासाला दोन घोट. शहाळं, कोकम सरबत, पन्हं, ताक, काहीही. सहा महिन्यांच्या आतल्या अंगावरच्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, जास्त वेळा पाजायचं. आणि त्या वयाच्या बाळाला सनस्क्रीनही नको, टोपी आणि सावलीच. मोठ्या पोरांना सनस्क्रीन बाहेर पडायच्या आधी लावा आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. पाच-सहा तास शू झाली नसेल, ओठ सुकले असतील, पोर पेंगत असेल, तर खेळ तिथेच थांबवा.

६. पाण्यात

सहाएक वर्षांपूर्वी भाच्याला कुणीतरी बदकाची फुगवलेली रिंग दिली होती. सकाळचे सात, समुद्र आरशासारखा, पाणी त्याच्या कमरेला. मी काठावर, त्याची आई माझ्या शेजारी, आम्ही दोघी फणसाच्या भाजीबद्दल बोलत होतो. बघता बघता बदक वीस हात आत. रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या) जाळ्याशी बसलेला एकजण काही न बोलता उठला, छातीभर पाण्यात गेला आणि बदकासकट पोर घेऊन आला. म्हणाला, “वयनी, सकालचा वारा दर्यात जातो. ह्यो फुगा घरात ठेवा.”

शाळेच्या भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते, पण ते भाच्याच्या बदकाला लागू होतात हे लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली. रात्री जमीन समुद्रापेक्षा थंड होते, म्हणून पहाटेपासून सकाळपर्यंत वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. फुगवलेली कुठलीही वस्तू त्या वाऱ्याला शिडासारखी सापडते. तेव्हापासून आमच्या घरी रिंग, गादी, फुगा, चेंडू यांपैकी काही पाण्यात जात नाही. वाळूत हवा तेवढा खेळा.

बाकीचे नियम असे. पाणी चढत असताना पाण्यात, ओहोटी लागली की बाहेर. उतरतं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं, आणि पोराचं वजन ते किती! खोली मोजायची ती पोराच्या गुडघ्याने, तुमच्या नव्हे. एका वेळी एका मोठ्या माणसाची पाळी, त्या पाळीत मोबाइल नाही, गप्पा नाहीत, आणि पोर हाताच्या अंतरावर. ‘सगळेच लक्ष ठेवताहेत’ म्हणजे कुणीच ठेवत नाही, हे मी फणसाच्या भाजीवरून शिकले.

खाडी किंवा व्हाळ (ओढा) जिथे समुद्राला मिळतो तिथे उतरू नका. लाटांच्या रांगेत मधेच एक पट्टा शांत, गढूळ दिसत असेल तर ती जागा सुरक्षित वाटते, पण पाणी तिथूनच आत परत जात असतं. पोरांना लाल, केशरी, पिवळे कपडे घाला. निळे-पांढरे फेसात दिसत नाहीत. जिथे जीवरक्षक असतील तिथे त्यांनी केलेली खूण पाळा, आणि कोळी माणूस ‘नको’ म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

फेसासारखा पारदर्शक गोळा काठावर पडलेला दिसला तर हात लावायचा नाही, मेलेला जेलीफिशही डंख मारतो. लागलाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड पाण्याने नको, वाळूने चोळू नका, चिकटलेले धागे कार्डाच्या कडेने काढा आणि डॉक्टरांकडे न्या. तळव्याला डांबराचे काळे ठिपके लागले तर घाबरू नका. मेच्या सुमारास समुद्र ते गोळे आणून टाकतो. खोबरेल तेल चोळलं की निघतात.

७. पुळणीवर

पाण्याबाहेरच खरी गंमत आहे आणि बहुतेक नवखे लोक तीच चुकवतात. ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारीक बारीक गोळ्यांची नक्षी दिसेल, मधे एक भोक आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या रांगा. ती वाटाण्याएवढ्या खेकड्याची करामत. तो वाळू तोंडात घेतो, त्यातलं खाणं काढून घेतो आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकतो. पोरांना उकिडवं बसवा आणि अजिबात हलू नका म्हणून सांगा. दोन-तीन मिनिटांत तो बाहेर येतो. पाच वर्षांचं पोर एरवी दोन मिनिटं गप्प बसत नाही, इथे बसतं.

दुसरा खेळ काठ्यांचा. पाण्याच्या कडेला एक काठी रोवा, दर दहा मिनिटांनी नवी कड बघून दुसरी. तासाभराने रांग बघून पोरालाच विचारा, समुद्र येतोय की जातोय? एकदा हे कळलं की दुसऱ्या दिवशी तेच तुम्हाला सांगतं, “आई, ओहोटी लागली, चल बाहेर.”

खड्डे खणू दे, पण पोराच्या गुडघ्यापेक्षा खोल नाही, आणि कुणाला मानेपर्यंत पुरायचं नाही. वाळू ढासळली तर ती काढायला वेळ मिळत नाही. निघताना खड्डा बुजवा. गर्दीच्या किनाऱ्यावर गाड्या, घोडागाड्या, चारचाकी बाइक फिरतात, तेव्हा पोरांची जागा पाण्यापासून दूर पण वाहनांच्या वाटेवर नाही अशी शोधा.

पहाटे लवकर उठवता आलं तर रापण बघा. मालवण, तारकर्ली, वेंगुर्ल्याकडे अजून ओढतात. जाळ्याची दोन टोकं धरून दोन रांगा किनाऱ्यावरून दोरखंड ओढत असतात. विचारलं तर पोरांनाही दोराला हात लावू देतात. जाळं वर आलं की मात्र मागे उभं राहायचं, कारण त्यात काटे असलेले मासे असतात आणि माणसं घाईत असतात.

८. दुपारची वाडी

दुपार म्हणजे नुसतं झोपवणं नव्हे. पोफळीची (सुपारीच्या झाडाची) गळलेली विरी, म्हणजे झावळीचं रुंद बूड, घ्या, एकाने तिच्यावर बसायचं, दुसऱ्याने झावळीचं टोक धरून ओढायचं. अंगणभर गाडी. माडाच्या पातीची भिंगरी यजमानांच्या घरातलं कुणीही करून देईल. विहिरीच्या पाण्याने बादलीभर अंघोळ घातली की घामोळंही बसतं.

ऊन कललं की करवंदांच्या जाळीकडे. पिकलेलं करवंद चावायचं आणि आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. आधी ओळखायचं, मग चावायचं. काटे असतात, पायात चपला हव्यात.

काजूचं बोंड पोरांना जरूर द्या, पण बी आधी पिळून काढून. ओल्या काजूच्या टरफलात जे तेल असतं त्याने ओठ, जीभ, बोटं भाजल्यासारखी होतात. शहरातून आलेलं पोर हमखास बी चावून बघतं. आंब्याच्या देठाचा चीकही तसाच, ओठाच्या कडेला फोड उठवतो. आंबे तासभर पाण्यात ठेवा, देठाकडचा भाग पिळून टाका, मग चोखायला द्या.

९. एकच मोठी सहल

तिसऱ्या दिवशी, सगळे रुळल्यावर. पोरांना पेलेल अशी माझी यादी छोटी आहे.

मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला पहिला. होडी, समुद्रातली तटबंदी, आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी: दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, हे पोरांना चमत्काराएवढं वाटतं. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १६६७ मध्ये पुरा झाला. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यात उमटलेला ठसा इथे दाखवतात. पोरांना आपला हात त्याशेजारी धरून बघायचाच असतो. सकाळच्या पहिल्या होडीने जा, तटावर सावली नाही.

अलिबागकर झालात तर कुलाबा किल्ला. पूर्ण ओहोटीला चालत जाता येतो. इथे पहिल्या पायरीतला हिशेब कामाला येतो: द्वितीया ते चतुर्थीची सकाळ. अष्टमीच्या भांगात पाणी पुरतं हटेलच असं नाही. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी तासभर निघा आणि पाणी वळलं की गणपतीचं देऊळ अर्धवट राहिलं तरी परत फिरा. फोटोसाठी थांबलेल्या लोकांसाठी भरती थांबत नाही.

दापोलीकडे हर्णै बंदराचा मासळीचा लिलाव. संध्याकाळी होड्या लागतात, बैलगाड्यांतून टोपल्या येतात, ओरडा चालतो. अर्धा तास पुरतो. वासाने नाक मुरडणाऱ्या पोरांना खांद्यावर घ्या. गुहागरकडे आलात तर हेदवीची बामणघळ: खडकातल्या चिरेत भरतीचं पाणी घुसून कारंज्यासारखं उडतं. लांबून, पोराचा हात धरून.

आणि वेळास. मंडणगड तालुक्यातल्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली, आता आंजर्ल्यासह इतर गावांतही ते काम चालतं. पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. हंगाम मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल, त्यामुळे मेच्या पाहुण्यांना बहुतेक हुकतो. फक्त यासाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात यायला हरकत नाही, पण गावात फोन करून घरट्यांची स्थिती विचारूनच निघा. पिल्लू कधी बाहेर येईल हे त्याचं ते ठरवतं. पोरांना दोन वेळा रिकाम्या हाताने परतायची तयारी ठेवायला सांगा.

१०. खाणं आणि डबा

घरगुती जेवण सकाळीच सांगून ठेवा, आणि ‘पोरांचं बिनतिखट’ हे आठवणीने. मऊ भात, तूप, मेतकूट. सकाळी घावणे किंवा आंबोळी. पोट बिघडलं तर उकड्या तांदळाची पेज. मासे खाणाऱ्यांनी पोरांसाठी मुडदुशे मिळतात का विचारावं, आमच्याकडे आजाऱ्यालाही तोच मासा देतात. नव्या चवीचा शिंपला किंवा कुर्ली (खेकडा) पहिल्यांदाच खायला घालण्याची जागा प्रवास नव्हे. अंगावर पित्त उठलं तर दवाखाना लांब असतो.

औषधांच्या डब्यात ताप-उलटीचं तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध, थर्मामीटर, मलमपट्टी, डासांचं मलम आणि ओआरएसची पाकिटं. डब्यातलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट ज्या मापाच्या पाण्यात घालायला सांगितलंय, तेवढ्याच पाण्यात पूर्ण घालायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. अंदाजाने मूठभर मीठ टाकू नका. पोर गरम लागतंय, घाम थांबलाय, बरळतंय असं दिसलं तर सावलीत न्या, कपडे सैल करून ओल्या कपड्याने पुसत राहा, वारा घाला आणि १०८ ला लावा.

११. निघायच्या आदल्या रात्री

पोरांच्या खिशात, मोज्यांत, पाण्याच्या बाटलीत शंख निघतात. ते सरळ पिशवीत भरू नका, दुसऱ्या दिवशी घाटात गाडीला जो वास येतो तो आठवडाभर जात नाही. बऱ्याच शंखांत मूळ मालक मेलेला असतो, पण भाडेकरू खेकडा राहत असतो. सगळे शंख एका ताटात पसरून अंगणात ठेवा, जागा पोरांना खडूने आखायला सांगा. सकाळी जो शंख आपल्या खुणेवरून हललेला असेल तो परत पुळणीवर पोचवायचा. न हललेल्यांतले दोन-तीन घरी न्या. पोरं त्या दिवशी कुणीही न उठवता पहाटे साडेपाचला ताटाशी हजर असतात.